नायटा जात का नाही? करप्याचा न्याय अंगालाही लावा

या पानावर तुम्ही माझ्याकडून भाताच्या रोपवाटिकेविषयी, हुमणीविषयी नाहीतर ऊसाच्या लावणीविषयी वाचायची अपेक्षा ठेवता. आजचा विषय जरा अवघडल्यासारखा आहे. चारचौघांत कोणी बोलत नाही, पण पावसाळ्यात दर दुसऱ्या घरात कोणीतरी कुडाच्या आड उभे राहून खाजवत असते. विषय आहे नायट्याचा, म्हणजे आपण ज्याला गजकर्ण किंवा दाद म्हणतो त्याचा.

हा विषय मला सुचवला तो गगनबावड्याकडच्या एका आजोबांनी. रोपलावणीचे प्रात्यक्षिक चालू होते. मी बांधावर उभा राहून ओळीतले अंतर सांगत होतो आणि मधूनमधून हात कमरेकडे जात होता. आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "सायेब, आमच्या भातावर करपा आला की तुमी सांगताय, औषध मधीच सोडू नगा, मात्रा कमी करू नगा, भरमसाट मिसळू नगा. आनि सोताला काय लावताय?" सगळे हसले. मीही हसलो, पण उत्तर नव्हते, कारण मी नेमके तेच केले होते जे तुम्हाला करू नका म्हणून सांगतो.

झाले होते असे. जुलैत मोटारसायकलवर रेनकोट, आत ओली जीन्स, दिवसभर शेतातून हिंडणे. जांघेत एक लालसर चकंदळ उठले. दुकानातून एक मलम आणले. तीन दिवसांत खाज गेली, मी ट्यूब बाजूला टाकली. पंधरा दिवसांनी ते परत आले, यावेळी दुप्पट. परत तीच ट्यूब, परत आराम, परत उठाव. असे पाच महिने गेले. तोवर आमच्या सौभाग्यवतींच्या कमरेवर आणि चार वर्षांच्या मुलीच्या गालावर चकंदळे आली. मुलीच्या गालाला घरातलीच ती ट्यूब लावली. गोल कडा पुसली गेली, आम्हाला वाटले बरे झाले, आणि आठ दिवसांत तो डाग कानापासून डोळ्याखालपर्यंत पसरला. तेव्हा मात्र माझी झोप उडाली.

मलमात काय होते?

त्वचारोगाच्या डॉक्टरांनी पहिलीच गोष्ट सांगितली, "आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब घेऊन या." टेबलावर चार ट्यूब निघाल्या. चारहींत बुरशीच्या औषधाबरोबर स्टिरॉइड होते.

आता हे नीट समजून घ्या. नायटा ही बुरशी आहे, जंत नव्हे आणि रक्तातला दोषही नव्हे. ती त्वचेच्या वरच्या मेलेल्या थरावर, केसांवर आणि नखांवर जगते. खाज आणि लाली म्हणजे आपले शरीर तिच्याशी करत असलेला झगडा. स्टिरॉइड तो झगडाच थांबवते. म्हणून खाज एका दिवसात जाते, पण बुरशीला रान मोकळे मिळते. राखणदार कुत्र्याचे तोंड बांधले की रात्री शांतता वाटतेच, तसलाच हा प्रकार. वर गोल कडा पुसट झाल्यामुळे रोग ओळखायलाही अवघड जातो. असे मलम जांघेत महिनोन्महिने लावले तर कातडी पातळ होते आणि बाळंतपणानंतर पोटावर दिसतात तशा चिरा पडतात. त्या चिरा मग कायमच्या राहतात.

२०१८ साली केंद्र सरकारने त्वचेला लावायची स्टिरॉइडयुक्त मलमे 'शेड्यूल एच'मध्ये आणली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. कायदा आहे, पण तुम्हाला मला ठाऊक आहे की खेड्यात चिठ्ठी कोण मागतो. तेव्हा ट्यूबवरचे नाव आपणच वाचायची सवय लावा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन यातले एकही नाव दिसले तर डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज ते नायट्याला लावू नका. इथे एक गफलत फार होते. 'क्लोट्रिमाझोल' हे बुरशीचे औषध आणि 'क्लोबेटासोल' हे स्टिरॉइड. उच्चार जवळजवळ सारखा, काम उलटे. तणनाशकाचा डबा कीटकनाशक समजून फवारला तर काय होते ते सांगायला नको.

बुरशी हट्टी का झाली?

आमच्या वडीलधाऱ्यांच्या काळी साधे मलम पंधरा दिवस चोळले की नायटा जायचा. आता जात नाही ही तक्रार खोटी नाही. साधारण गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात या बुरशीची एक नवी जात जोमाने पसरली आहे. शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव दिले. टर्बिनाफाइन हे एकेकाळचे हमखास औषध तिच्यातल्या पुष्कळ वाणांना आता पुरते लागू पडत नाही. ही बुरशी परदेशातही पोचली आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्कला तिचे दोन रुग्ण नोंदले गेले.

औषधाला बुरशी दाद न देणे आपल्याला नवीन नाही. द्राक्षबागायतदारांना केवड्यावर एकच औषध पुन्हा पुन्हा मारल्याचा परिणाम चांगला माहीत आहे. अर्धी मात्रा, अर्धे दिवस, आणि चार औषधांची खिचडी. अंगावरही हेच चालले आहे. पानावरची बुरशी असो की कातडीवरची, जी मरत नाही तिचीच पिल्लावळ वाढते.

याच ओघात एक ताकीद. मी स्वतः पाहिले आहे, फवारणीतून उरलेले कार्बेन्डाझिम पाण्यात कालवून जांघेत लावणारे लोक आहेत. हेक्झाकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल ही नावे माणसाच्या औषधांसारखी वाटतात, आणि खरोखरच ती इट्राकोनॅझोलच्याच कुळातली आहेत. पण ती पिकासाठी बनवलेली आहेत, अंगासाठी नव्हेत. तेच रॉकेल, बॅटरीचे पाणी, जळके ऑइल आणि ठेचलेल्या लसणाचे. लसणाने कातडी भाजून फोड आलेला माणूस मी बघितला आहे. टाकळ्याचे म्हणाल तर त्याला जुन्या वैद्यकात दद्रुघ्न म्हणतात ते उगीच नाही, पण घरी वाटलेल्या पाल्यात औषध किती उतरले याचा नेम नसतो. जुन्या हट्टी नायट्याला त्याच्या भरवशावर राहू नका. टाकळ्याची भाजी मात्र जरूर खा.

एकरी मात्रा काढता, तशी अंगाचीही काढा

डॉक्टरांनी मला सांगितलेला हिशेब मला फार आवडला. बोटाच्या शेवटच्या पेराएवढे मलम म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि ते दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. दोन्ही जांघांचा पसारा चार तळव्यांएवढा धरा. एका वेळी एक ग्रॅम, दिवसातून दोनदा म्हणजे दोन ग्रॅम. पंधरा ग्रॅमची ट्यूब आठवड्यात संपली पाहिजे. आणि आपण एक ट्यूब तीन माणसांत दोन महिने पुरवतो! चार आठवड्यांना चार ट्यूब लागतात. हा खर्च आधीच धरून चाला.

मलम साधे, एकाच बुरशीनाशकाचे हवे, जसे क्लोट्रिमाझोल. कोणते घ्यायचे ते प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून ठरवले तर उत्तम. जागा धुऊन पूर्ण कोरडी करायची, मग डागाच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत, बाहेरून आत असे लावायचे. बुरशी कडेवर जास्त जिवंत असते, मध्ये डाग बरा दिसतो. आणि डाग दिसेनासा झाल्यावरही निदान दोन आठवडे चालू ठेवायचे. बहुतेकांचे घोडे इथेच पेंड खाते. खाज गेली की ट्यूब फळीवर जाते. घासणीने चोळणे, कडक साबण, गरम पाण्याने शेकणे यांनी काही साधत नाही, उलट कातडी फाटते.

कपड्यांचे काय?

बुरशीचे बीजकण गळालेल्या कोंड्यात आणि कपड्यांत महिनोन्महिने जगतात. एकाने मलम लावले आणि बाकीच्यांनी नाही, तर हा खेळ संपत नाही. घरात ज्याला ज्याला आहे त्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत. पंचा, टॉवेल, अंथरूण प्रत्येकाचे वेगळे. आजाऱ्याचे कपडे वेगळे भिजवा, हात घालवणार नाही इतक्या कढत पाण्यात अर्धा तास ठेवा, उन्हात उलटे करून वाळवा, ऊन नसेल तर आतून इस्त्री फिरवा. घट्ट जीन्स आणि नायलॉनचे कपडे लावणीपुरते तरी बाजूला ठेवा. बायोडेटा लिहायचा नाही, चिखलात उतरायचे आहे, तेव्हा सैल सुती चड्डी-लुंगीत लाज कसली! शेतातून आल्यावर ओल्या कपड्यांत चहाला बसू नका. बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करा, चिखल्याही त्यानेच कमी होतात.

कमरेचा करदोटा हा बुरशीचा पक्का मुक्काम आहे. उपचार चालू असेपर्यंत तो काढून ठेवा. घरच्या म्हाताऱ्या माणसांना रुचत नसेल तर निदान नवा सुती बांधून रोज बदला. मी काढला तेव्हा आईने दोन दिवस तोंड फिरवले होते.

बायकांची अडचण याहून मोठी आहे. आतले कपडे लोकांना दिसू नयेत म्हणून साडीखाली किंवा न्हाणीच्या कोपऱ्यात वाळत घालतात. ते वाळत नाहीतच, कुबट होतात आणि तेच परत अंगावर चढतात. जांघेत, स्तनांखाली झालेला नायटा त्या सांगतही नाहीत. घरधन्यांनी एक आडोशाची पण उन्हाची दोरी बांधून द्यावी, फार खर्चाचे काम नाही. ग्रामसेवक आणि सरपंचांना विनंती, आशाताईंमार्फत हा विषय महिला बचत गटाच्या बैठकीत एकदा निघू द्या. आश्रमशाळा आणि वसतिगृहांत मुलांचे टॉवेल एका दोरीवर एकमेकांवर पडलेले असतात, त्याकडेही बघा.

गोठ्यातही नजर टाका. वासराच्या डोळ्याभोवती किंवा मानेवर राखेसारखे जाड खपले दिसले तर तोही नायटाच असू शकतो आणि तो माणसाला लागतो. वासरू वेगळे बांधा, पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, हात धुवा.

घरी थांबू नका अशा वेळी

मुलाच्या डोक्यात चट्टा पडून केस गळत असतील, नखे जाड व ठिसूळ झाली असतील, चेहऱ्यावर किंवा अंगभर पसरले असेल, मधुमेह असेल, बाई गरोदर किंवा अंगावर पाजणारी असेल, तर सरळ डॉक्टर गाठा. डोक्यातल्या आणि बहुतेक जुनाट नखांच्या बुरशीला मलम पोचत नाही, गोळ्याच लागतात. पण गोळ्या मनाने घेऊ नका. इट्राकोनॅझोल हृदय अशक्त असलेल्याला धोक्याचे ठरते आणि बऱ्याच औषधांशी त्याचे जमत नाही. चार आठवडे नीट मलम लावूनही फरक नसेल किंवा आधी स्टिरॉइडचे मलम लावले असेल, तरीही दाखवा. डागाचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, फार वेळ लागत नाही.

आणि डागाला खाज नाही, उलट तिथे टाचणी टोचलेली कळत नाही, असे असेल तर तो नायटा नसून कुष्ठरोगाचा चट्टा असू शकतो. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि वेळेवर घेतले तर रोग पूर्ण बरा होतो. लपवू नका.

माझे आणि घरच्यांचे सगळे मिळून दहा आठवडे गेले. स्टिरॉइड बंद केल्यावर पहिले काही दिवस आग-आग झाली, ती डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवली होती म्हणून टिकलो. मुलीच्या गालावर आता फक्त फिकट सावली आहे. परवा कापणीच्या वेळी ते आजोबा भेटले. करप्याचे विचारतील असे वाटले होते. त्यांनी कमरेला खोचलेली एक ट्यूब काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "सायेब, चष्मा इसरलोय. ह्यात ते सोन-सोल काय हाय का बघा."