विमानाने जाताना पाटी वाचावी

विमान म्हणजे बड्या लोकांचे वाहन, असे आपण आजवर म्हणत आलो. आता तसे राहिले नाही. लहान शहरांतूनही विमाने सुटावीत आणि काही जागांचे भाडे आवाक्यात राहावे, म्हणून सरकारने २०१६ साली 'उडान' योजना जाहीर केली.

कोल्हापूरजवळ उजळाईवाडीला विमानतळ आहे. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली तो सुरू झाला. तेथून आम्ही आमच्या आक्काला घेऊन हैदराबादेस गेलो. तिचा मुलगा तिकडे नोकरीला आहे. एसटीने जायचे तर सारी रात्र मोडते. विमानाने दीड तासही लागला नाही.

पण विमान एसटीसारखे हात करून थांबत नाही. दोन तास आधी पोहोचावे. दारावर तिकीट आणि ओळखपत्र पाहतात. दोन्हींवरचे नाव सारखे हवे. ते घरीच ताडून पाहा. आत गेल्यावर मोठे सामान वजन करून घेतात आणि जागेचा नंबर लिहिलेली चिठ्ठी देतात. तिला बोर्डिंग पास म्हणतात. ती जपून ठेवा.

पुढे अंगाची व हातातल्या पिशवीची तपासणी होते. बायकांची तपासणी बाईच करते, पडद्याआड. येथेच आमची फजिती झाली. आक्काच्या चंचीत अडकित्ता निघाला. धारेची वस्तू जवळ ठेवता येत नाही. मोठ्या सामानात घातला असता तर चालले असते. पण ते केव्हाच पुढे गेले होते. अडकित्ता तेथेच सोडावा लागला. तो आमच्या आईचा होता.

आक्का काही बोलली नाही. सामान देतो तेथेच चित्रांची पाटी होती: चाकू, कात्री, काडेपेटी. आम्ही जन्मभर मुलांना वाचायला शिकवले, आणि समोरची पाटी वाचली नाही! दोष दुसऱ्या कोणाचा नव्हे.

विमान लहान होते, दोन पंख्यांचे. चढायचा जिना मागच्या बाजूस. जागेवर बसून कमरेचा पट्टा बांधला. वर चढताना कानांत दडे बसतात. तेव्हा आवंढा गिळावा किंवा गोळी चघळावी. कान मोकळे होतात. घाबरू नये.

लहानपणी आम्ही शाळेत गेलो तेव्हा आक्का घरी धाकट्यांना सांभाळत होती. तिला अक्षरओळख झाली ती साठी उलटल्यावर, साक्षरतेच्या वर्गात. परतताना हैदराबादेस ती एका पाटीपुढे थांबली. वर तेलुगू, इंग्रजी. पण खाली हिंदीही होते, म्हणजे आपलीच नागरी अक्षरे. बोट ठेवून तिने वाचले, "चा-कू. कैं-ची." मग आमच्याकडे वळून म्हणाली, "मास्तर, तुमची पिशवी बघा आधी."

पिशवीत नखे कापायची छोटी कात्री होती. आम्ही मुकाट्याने ती मोठ्या सामानात टाकली.