गिरण्या गेल्या, क्लब राहिले

लालबागच्या आमच्या चाळीत फुटबॉल खेळणारा एकही माणूस नव्हता. गल्लीत क्रिकेट आणि मागच्या पटांगणात कबड्डी, एवढंच आमचं क्रीडाविश्व. तरीही इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबांची नावं मला पाढ्यांसारखी पाठ होती. त्याचं श्रेय शेजारच्या खोलीतल्या काकांच्या रेडिओला. काका गोदीत कामाला. शनिवारी रात्री साडेदहाच्या सुमाराला ते बीबीसी लावत. आधी खरखर, मग शिट्ट्या, आणि मग एक शांत आवाज त्या दिवशीच्या सामन्यांचे निकाल वाचू लागे. आधी यजमान संघ आणि त्याचे गोल, मग पाहुणा संघ आणि त्याचे गोल. दुसऱ्या नावाला आवाज चढला की काका म्हणत, ‘पाहुणे जिंकले!’ आकडा ऐकायची त्यांना गरजच नसे.

माझे वडील गिरणीत रिंग खात्यात होते. इंग्रजी त्यांना वाचता येत नसे, पण यंत्रांवरच्या लोखंडी पाट्यांवर काय लिहिलंय ते त्यांनी जॉबरकडून ऐकून पाठ केलं होतं. एकदा निकालांत ‘ओल्डहॅम ॲथलेटिक’ हे नाव आलं आणि गॅलरीत चटईवर आडवे झालेले बाबा उठून बसले. ‘अरे, हे तर आमच्या मशीनवरचं गाव! प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम!’ त्यानंतर ते अधूनमधून कान देऊ लागले. एके रात्री त्यांनी काकांना विचारलं, ‘आमच्या खात्यात दुसरी एक पाटी आहे, ॲक्रिंग्टनची. त्या गावाचा संघ नाही का हो?’

काकांना उत्तर देता आलं नाही. मला ते मिळायला बरीच वर्षं लागली. पण ते शोधताना या क्लबांच्या अशा काही गमती हाती लागल्या, की आज त्या तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मुळात हे क्लब जन्माला आले कसे? जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब शेफिल्डचा, १८५७ सालचा. पण त्याच गावातला दुसरा क्लब जास्त गमतीचा, कारण त्याच्या नावातच वार आहे: शेफिल्ड वेन्सडे, म्हणजे शेफिल्ड बुधवार! शेफिल्ड हे सुऱ्या-कात्र्यांचं गाव. तिथल्या काही कारागिरांना बुधवारी अर्ध्या दिवसाची सुटी मिळे. त्या सुटीत खेळणाऱ्यांनी १८२० साली क्रिकेट क्लब काढला, तो ‘वेन्सडे’. हिवाळ्यात क्रिकेट बंद. तेव्हा मंडळी पांगू नयेत म्हणून १८६७ साली त्यांनी फुटबॉल सुरू केला. क्रिकेट मागे पडलं, सुटीचा वारही बदलला, पण नावातला बुधवार काही हलला नाही.

बाकीच्या इंग्लंडचा वार मात्र शनिवार. त्यामागे चक्क एक कायदा आहे. १८५० च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतल्या बायका आणि मुलांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबवायचं ठरलं. बायका-मुलं घरी गेल्यावर नुसत्या पुरुषांवर गिरणी कशी चालणार? हळूहळू सगळ्यांनाच शनिवारची दुपार मोकळी मिळू लागली. दोनला भोंगा, घरी जाऊन चार घास, आणि तीनला मैदानावर. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीन ही फुटबॉलची वेळ होऊन बसली, तिचं मूळ हे असं गिरणीच्या भोंग्यात आहे.

पण सुरुवातीला या खेळावर राज्य होतं साहेबलोकांचं, मोठमोठ्या शाळांतून शिकून बाहेर पडलेल्या धनिकपुत्रांचं. ते मोडलं १८८३ साली. एफए कपच्या अंतिम सामन्यात एका बाजूला होते ईटन शाळेचे माजी विद्यार्थी आणि दुसऱ्या बाजूला लँकेशायरमधल्या ब्लॅकबर्न गावचा ‘ऑलिंपिक’ नावाचा संघ. या संघात विणकर होते, सूतगिरणीतले कामगार होते, एक प्लंबर होता आणि एक दंतवैद्याचा मदतनीसही होता. सामना लंडनच्या ओव्हलवर. होय, तेच ओव्हल, जिथे १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने इतिहास घडवला! गिरणीवाल्यांनी तो सामना जादा वेळेत २-१ असा जिंकला. कप उत्तरेकडच्या कामगार वस्तीत गेला आणि साहेबांच्या त्या जुन्या संघांना तो पुन्हा कधीच जिंकता आला नाही.

पुढे १८८८ साली विल्यम मॅकग्रेगर या बर्मिंगहॅमच्या कापड दुकानदाराच्या पुढाकाराने फुटबॉल लीग सुरू झाली. पहिल्या १२ क्लबांपैकी पाच सुती कापडाच्या गावांचे होते: ब्लॅकबर्न, बर्नली, बोल्टन, प्रेस्टन आणि ॲक्रिंग्टन. म्हणजे बाबांच्या पाटीवरचं गाव पहिल्या पंगतीला बसलेलं होतं!

या क्लबांची टोपणनावं वाचली तर एखाद्या जुन्या बाजारपेठेतून फिरल्यासारखं वाटतं. ल्यूटनचे ‘टोपीवाले’, नॉर्थॅम्प्टनचे ‘चांभार’, स्टोकचे ‘कुंभार’, वॉल्सॉलचे ‘खोगीरवाले’, मॅकल्सफील्डचे ‘रेशीमवाले’. आपल्याकडच्या बारा बलुतेदारांची आठवण व्हावी. आर्सेनल निघाला लंडनमधल्या वुलिच इथल्या तोफखान्यातून. वेस्ट हॅमच्या बोधचिन्हावर हातोडे आहेत, कारण हा क्लब टेम्स आयर्नवर्क्स या जहाजांच्या कारखान्यातल्या कामगारांचा. आणि अवघ्या जगात मिरवणारा मँचेस्टर युनायटेड? तो मूळचा न्यूटन हीथ इथला रेल्वेचे डबे बांधणाऱ्या कामगारांचा संघ.

न्यूटन हीथवर १९०२ साली दिवाळखोरीची वेळ आली. त्याआधी मदतनिधीसाठी भरवलेल्या जत्रेत कप्तानाने आपल्या धिप्पाड कुत्र्याच्या गळ्यात पैशाचा डबा अडकवून त्याला सोडलं होतं. कुत्रा हरवला. तो एका धनाढ्य मद्य-कारखानदाराच्या हाती लागला, त्याच्या मुलीला तो फार आवडला, आणि त्या ओळखीतून क्लबला तारणहार भेटला, अशी कथा सांगतात. कथेवर थोडं मीठ-मसाला चढला असेलही. पण जॉन हेन्री डेव्हिस या कारखानदाराने क्लब वाचवला आणि त्याच वर्षी त्याचं नाव मँचेस्टर युनायटेड झालं, हे मात्र खरं.

लिव्हरपूलचा जन्म तर चक्क घरमालक आणि भाडेकरूच्या भांडणातून झाला. चाळीत राहिलेल्यांना ही गोष्ट नीट कळेल! ॲनफिल्डच्या मैदानावर आधी एव्हर्टन खेळत असे. भाड्यावरून जॉन होल्डिंगशी वाद पेटला आणि १८९२ साली एव्हर्टन बिऱ्हाड उचलून बागेपलीकडे गुडिसन पार्कला गेला. होल्डिंगकडे मैदान उरलं, संघ नाही. मग त्याने नवा संघच काढला, तो लिव्हरपूल. एव्हर्टनचा पुरुष संघ गुडिसन पार्कवर तब्बल १३३ वर्षं खेळला आणि २०२५ साली गोदीकाठच्या नव्या मैदानात गेला.

आणि हार्टलपूलचं माकड! नेपोलियनच्या युद्धकाळात किनाऱ्याला लागलेलं एक माकड हार्टलपूलच्या लोकांनी फ्रेंच हेर समजून फासावर चढवलं, अशी दंतकथा आहे. दुसऱ्या गावचे लोक त्यावरून चिडवतात. पण हार्टलपूलने ते इतकं मनावर घेतलं, की आपल्या क्लबचं शुभचिन्हच माकड केलं. २००२ साली त्या माकडाचा पोशाख घालून नाचणारा तरुण, स्टुअर्ट ड्रमंड, शाळकरी मुलांना फुकट केळी देण्याचं आश्वासन देत महापौरपदाला उभा राहिला आणि निवडून आला. पुढे आणखी दोनदा लोकांनी त्यालाच निवडलं!

असो. हसता हसता आता बाबांच्या प्रश्नाकडे येतो.

ॲक्रिंग्टनचा पहिला क्लब १८९६ मध्येच संपला. गावाचं नाव पुढे चालवलं ते ‘ॲक्रिंग्टन स्टॅनली’ या दुसऱ्या क्लबने. स्टॅनली हे गावातल्या एका रस्त्याचं नाव. मार्च १९६२ मध्ये कर्जाने बेजार झालेल्या चालकांनी लीगला राजीनाम्याचं पत्र पाठवलं. लगोलग मदतीची आश्वासनं आली, ‘पत्र परत घेतो’ म्हणून विनवण्या झाल्या. लीगने ऐकलं नाही. त्या मोसमातले त्यांचे सगळे निकालही पुसून टाकले. म्हणून काकांच्या रेडिओवर ॲक्रिंग्टन नव्हतं. पुढे १९८९ च्या सुमाराला दुधाच्या एका जाहिरातीत ‘ॲक्रिंग्टन स्टॅनली? ते कोण बुवा?’ अशा अर्थाचा विनोद गाजला. गाव हसण्यावारी गेलं होतं.

पण गावकऱ्यांनी १९६८ सालीच क्लब पुन्हा उभा केला होता. नवं मैदान, अगदी तळाची पायरी. एकेक पायरी चढत २००६ साली ते लीगमध्ये परतले, ४४ वर्षांनी. आणि योगायोग पाहा: १९६२ मध्ये त्यांच्या रिकाम्या जागी ज्या ऑक्सफर्ड युनायटेडला घेतलं होतं, तोच क्लब २००६ मध्ये लीगमधून खाली घसरला.

बरी हेही लँकेशायरमधलं कापडाचं गाव. १९०३ साली त्यांच्या क्लबने एफए कपचा अंतिम सामना ६-० असा जिंकला. या विक्रमाची बरोबरी व्हायला मे २०१९ उजाडावा लागला. ती मँचेस्टर सिटीने केली. त्यानंतर तीनच महिन्यांनी, २७ ऑगस्टला, पैशाच्या घोळापायी बरीची लीगमधून हकालपट्टी झाली. त्या दिवशीही लोक झाडू आणि फडकी घेऊन मैदान साफ करायला आले होते. मालक बदलेल, शनिवारी सामना होईल, या आशेवर. तो झाला नाही. मात्र २०२३ साली समर्थकांचे दोन गट एकत्र आले आणि त्याच जुन्या गिग लेनवर बरीचा संघ पुन्हा खेळू लागला.

सर्वांत मोठा धडा दिला विम्बल्डनने. टेनिसवाल्या विम्बल्डनचाच हा फुटबॉल क्लब. १९८८ साली त्यांनी बलाढ्य लिव्हरपूलला १-० हरवून एफए कप जिंकला होता. २००२ साली मालकांना हा क्लब सुमारे ९० किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला हलवण्याची परवानगी मिळाली. क्लब म्हणजे काय मालगाडीचा डबा आहे, इकडून सोडून तिकडे जोडायला? समर्थकांनी काही आठवड्यांत स्वतःच्या मालकीचा नवा क्लब काढला आणि माळरानावर चाचणी घेऊन खेळाडू निवडले. पहिला मैत्रीचा सामना ते ०-४ असा हरले, पण तो पाहायला साडेचार हजारांवर लोक आले होते! नवव्या पायरीपासून चढत २०११ मध्ये ते लीगमध्ये पोचले. २०२० मध्ये त्यांनी प्लाऊ लेनवर नवं मैदान उभारलं, जुन्यापासून हाकेच्या अंतरावर.

आपल्या मराठी मुलुखाचाही या गोष्टीशी धागा आहे, आणि तो सुती आहे. ब्लॅकबर्नच्या मागांवर एके काळी हिंदुस्थानात विकायची धोतरं विणली जात. स्वदेशीच्या चळवळीचा फटका बसलेल्या तिथल्या गिरणी कामगारांना भेटायला गांधीजी १९३१ साली शेजारच्या डार्वेनला गेले होते. पुढे तिथल्या गिरण्या बंद पडल्या, पण ब्लॅकबर्न रोव्हर्स उरला. २०१० साली तो विकत घेतला आमच्या पुण्याच्या वेंकीज या कोंबडीवाल्या समूहाने! २०११ मध्ये संघ बालेवाडीला येऊन एक मैत्रीचा सामनाही खेळून गेला. पण २०१२ साली क्लब प्रीमियर लीगमधून खाली आला. त्या मोसमात चिडलेल्या समर्थकांपैकी कुणीतरी मैदानावर जिवंत कोंबडी सोडली. मालकांनी नंतरही वर्षानुवर्षं पैसा ओतला, तरी तिथल्या अनेकांचा राग गेला नाही. पैसा कुणाचा, यापेक्षा क्लब कुणाचा, हा प्रश्न तिथे मोठा आहे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणगावात संप सुरू झाला. बाबांची गिरणी त्यानंतर पुन्हा नीट चाललीच नाही. त्या गिरणीचाही एक कबड्डीचा संघ होता. त्याच्या सामन्यांना बाबा मला खांद्यावर बसवून नेत. गिरणी बंद झाली आणि संघही संपला, कारण कपडे गिरणीचे, पंखे गिरणीचे, नाव गिरणीचं. वेस्ट हॅमचा जहाजांचा कारखाना १९१२ साली बंद पडला. पण क्लब १९०० सालीच त्याच्यापासून वेगळा होऊन वस्तीचा झाला होता, म्हणून तो राहिला. आपल्याकडेही वस्तीने चालवलेली मंडळं गिरण्यांच्या मागे राहिलीच की! आमच्या मागच्या पटांगणातला संघ त्यातलाच. त्याच्या वर्गणीच्या वहीत बाबांचं नाव शेवटपर्यंत होतं, संपातल्या वर्षांतसुद्धा. रक्कम तेवढी कमी.

ॲक्रिंग्टन लीगमध्ये परतलं, तेव्हा बाबा नव्हते. गिरणीची जागा विकली गेली आणि यंत्रं भंगारात गेली, त्यांबरोबर त्या पाट्याही. काका मात्र होते. मी त्यांना बातमी सांगितली. ऐकू कमी येत होतं, म्हणून दोनदा सांगावी लागली. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘तुझ्या बापाला मी उत्तर द्यायचं राहिलं होतं. आज शनिवार आहे का रे?’

शनिवारच होता.