गॅस न पेटवता: स्ट्रॉबेरी आणि मस्कारपोने

शिजवायचं नाही म्हटलं की पदार्थ घाईत उरकता येईल, असा आपला समज असतो. इटलीत वसंतात घरोघरी होणारं स्ट्रॉबेरी, मस्कारपोने आणि बिस्किटांचं थरांचं गोड मात्र घाईला दाद देत नाही. हाताचं काम अर्ध्या-पाऊण तासाचं, पण मध्ये दोनदा थांबावं लागतं, आणि चव येते ती त्या थांबण्यातूनच.

आधी मस्कारपोनेबद्दल, कारण सगळा तोल त्याच्यावर आहे. हे चीज मूळचं उत्तर इटलीतल्या लोंबार्दीचं, मिलानजवळच्या लोदी आणि आब्बियातेग्रास्सो या दुभत्या पट्ट्यातलं. गाईच्या दुधाची मलई 85 ते 90 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, त्यात सायट्रिक किंवा टार्टारिक आम्ल घालतात (घरी करणारे लिंबू पिळतात), आणि ती दाटली की कापडातून थंड जागी निथळत ठेवतात. विरजण लावत नाहीत, म्हणून ते आंबट नसतं. दूध फाडायला पार्मेजानमध्ये वापरतात तसं वासराच्या जठरातलं रेनेटही लागत नाही, म्हणून शाकाहारी मंडळींना चालतं; तरी डब्यावरचा हिरवा ठिपका पाहून घ्यावा. स्निग्धांश 40 टक्क्यांच्या पुढे, म्हणजे पनीरच्या जवळजवळ दुप्पट. ते फार टिकत नाही, म्हणून फ्रीज येण्यापूर्वी ते थंडीच्या दिवसांतच करत.

सहा जणांसाठी अर्धा किलो स्ट्रॉबेरी, 250 ग्रॅम मस्कारपोने, 200 मिलिलिटर फेटता येणारं क्रीम, सहा चमचे पिठीसाखर, अर्धं लिंबू आणि साधारण 150 ग्रॅम सावोयार्दी बिस्किटं घ्यावीत.

स्ट्रॉबेरी देठासकट धुवायची आणि कोरडी करून मगच देठ काढायचे. आधी देठ काढले तर पाणी आत शिरतं आणि फळ बेचव होतं. चार-पाच देखणी फळं बाजूला ठेवून बाकीच्यांच्या जाडसर फोडी करायच्या, त्यावर दोन चमचे पिठीसाखर आणि लिंबाचा रस घालून हलकेच हलवायचं. आता पहिलं थांबणं. साखर फळाच्या ओलाव्यात विरघळते, फोडींभोवती दाट पाक तयार होतो, आणि तो पेशींमधलं पाणी बाहेर ओढून घेतो. अर्ध्या तासात भांड्याच्या तळाशी लालभडक रस साठतो. आम्लामुळे स्ट्रॉबेरीचा रंग उजळतो, तेव्हा लिंबू नुसतं चवीपुरतं नाही. तासाभरापेक्षा जास्त मात्र ठेवू नये. फोडी लिबलिबीत होतात. मोदेनाच्या बाजूला लिंबाऐवजी तिथलं बाल्सामिक व्हिनेगर थेंब-थेंब घालतात. ते चांगलं मिळालं तर जरूर घालावं, पण बाटलीतलं स्वस्त, नुसतंच आंबट व्हिनेगर घालण्यापेक्षा लिंबू शंभरदा बरं.

तोवर क्रीमकडे वळू. इथे निम्म्या लोकांचं बिघडतं, आणि बिघडण्याचं कारण मराठी स्वयंपाकघराला अनोळखी नाही: ताक घुसळताना लोणी येतं तेच. मलईत स्निग्धाचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. फेटलं की ते एकमेकांना धरतात, मध्ये हवा अडकते आणि क्रीम फुगतं. त्यापुढेही फेटत राहिलं तर कण एकवटतात, हवा निसटते, पाणी सुटतं. मस्कारपोनेत स्निग्धांश इतका की तिथवर पोचायला वेळच लागत नाही. म्हणून त्याला यंत्र लावायचं नाही. फ्रीजमधून काढून उरलेल्या पिठीसाखरेबरोबर चमच्याने सैल होईपर्यंत ढवळायचं, बस. क्रीम वेगळ्या, थंड केलेल्या भांड्यात फेटायचं. टोकं उभी राहू लागली की थांबायचं, आणि तीन वेळा थोडंथोडं करून उलथन्याने खालून वर घेत मस्कारपोनेत मिसळायचं. मिश्रण रवाळ दिसू लागलं तर चमचा-दोन चमचे न फेटलेलं थंड क्रीम घालून हलक्या हाताने ढवळावं; बरेचदा सावरतं.

आपल्याकडे खोक्यात मिळणाऱ्या साध्या ‘फ्रेश क्रीम’मध्ये स्निग्धांश 25 टक्क्यांच्या आसपास असतो, ते कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. 35 टक्क्यांचं दुधाचं क्रीम शोधावं. केकवाल्यांकडचं ‘व्हिपिंग क्रीम’ अनेकदा वनस्पती तेलाचं असतं. ते मस्त फुगतं, पण टाळूला चिकटतं आणि दुधाची चव मारून टाकतं.

मस्कारपोनेच्याच दुसऱ्या गोडात, म्हणजे तिरामिसूत, कच्च्या अंड्याचा बलक असतो. इथे क्रीम फुगवण्याचं काम करतंच, तेव्हा अंडं वगळावं; लहान मुलं आणि गरोदर बायकाही निर्धास्त खाऊ शकतात. पण सावोयार्दी अंडं फेटूनच केलेली असतात. अंडं न खाणाऱ्यांनी बिनअंड्याची मारी बिस्किटं घ्यावीत.

सावोयार्दी सच्छिद्र, शोषायला उतावीळ. स्ट्रॉबेरीचा सुटलेला रस निथळून त्यात थोडं पाणी किंवा संत्र्याचा रस घालायचा आणि बिस्किट एकेक बाजूने क्षणभर टेकवून लगेच उचलायचं. बुडवून ठेवलं तर लगदा. तळाशी बिस्किटं, वर क्रीम, वर फोडी, पुन्हा तोच क्रम, शेवटी क्रीमचा थर. मग झाकून निदान चार तास फ्रीजमध्ये. हे दुसरं थांबणं. क्रीममधला आणि फोडींमधला ओलावा बिस्किटांत सावकाश उतरतो, थंडीने स्निग्ध घट्ट होतं आणि चमचा घातला की थर सुटेसुटे न होता एकत्र येतात. राखून ठेवलेली स्ट्रॉबेरी वाढतानाच कापून लावायची, नाहीतर पांढऱ्या क्रीमवर गुलाबी ओघळ उतरतात.

इटलीत हा हंगाम एप्रिल ते जून. रोमजवळच्या नेमी गावाची बोराएवढी रानस्ट्रॉबेरी त्याच सुमाराची. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी, जिला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती थंडीत सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपते. फळ आतपर्यंत लाल असलेलं निवडावं. देठाजवळ पांढरं राहिलेलं फळ तोडल्यावर गोड होत नाही. हंगाम सरल्यावर इटालियन लोक पीच आणि अंजिरांकडे वळतात, आणि पुरंदरच्या अंजिरांचंही हे सुरेख होतं. आंबा चालतो, पण त्यात लिंबू थोडं सढळ घालावं. अननस आणि किवी कच्चे घालू नयेत: त्यांतली विकरं दुधातली प्रथिनं तोडतात आणि क्रीम कडू होतं.

मस्कारपोने महाग पडतं, म्हणून चक्का घालावा का? घालावा, पण सायीच्या दह्याचा, ताजा आणि कोरडा निथळलेला. दोन भाग चक्क्याला एक भाग फेटलेलं क्रीम. दह्याचा आंबटपणा मुळात असतोच, तेव्हा फळातलं लिंबू गाळावं. मस्कारपोनेची मऊ, बिनआंबट गोडी त्याला येणार नाही, पण जे होतं तेही वाटी चाटून खाण्यासारखं होतं. कशाचंही केलं तरी फ्रीजरमध्ये ठेवू नका, आणि दोन दिवसांच्या आत संपवा.