प्रसूतिसमयीची सोबतीण

पहिलटकरणीला कळा सुरू झाल्या म्हणजे घरात एकच धावपळ उडते. वाहन येते, इस्पितळात खाट मिळते. डॉक्टर, परिचारिका, औषधे, उपकरणे सर्व सिद्ध असतात. परंतु प्रसूतिगृहाचे दार लागले की आई, सासू, जाऊ साऱ्या बाहेर राहतात आणि जिच्यासाठी ही सर्व धडपड, ती आत पुष्कळदा एकटीच असते. प्रसूती घरातून इस्पितळात गेली हे इष्टच झाले. त्यायोगे असंख्य माता व अर्भके वाचली आहेत. मात्र या स्थलांतरात सोबत तेवढी घरी राहून गेली. तिचे मोल किती, हे अलीकडील वैद्यांनी मोजून दाखविले आहे. ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

अमेरिकेत अशा सोबतिणीस 'डूला' म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक असून त्याचा अर्थ सेविका असा आहे. डॅना राफेल या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने १९७३ साली स्तन्यपानावरील आपल्या ग्रंथात तो योजिला. डूला ही सुईण नव्हे. ती तपासणी करीत नाही, औषध देत नाही, मूलही हातावर घेत नाही. ती कामे डॉक्टरांची व परिचारिकांची. हिचे काम जवळून न हलण्याचे. कंबर दाबावी, हात धरू द्यावा, घोट घोट पाणी पाजावे, श्वास संथ ठेवण्याची आठवण करावी, डॉक्टरांची हरकत नसल्यास चार पावले चालवावे, आणि पुढे काय होणार ते साध्या शब्दांत सांगून धीर द्यावा.

एवढ्याने काय होते, असे कोणी विचारील. मार्शल क्लाउस व जॉन केनेल या दोन बालवैद्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला येथे हाच प्रश्न हाती घेतला. तेथील इस्पितळात नातलगांना आत येऊ देत नसत. काही पहिलटकरणींजवळ त्यांनी एकेक अनोळखी, वैद्यकीय शिक्षण नसलेली बाई बसविली. इतरांची व्यवस्था नेहमीप्रमाणे ठेविली. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, ज्यांच्या प्रसूतीत गुंतागुंत नव्हती अशा स्त्रियांत सोबत असलेल्या सुमारे नऊ तासांत मोकळ्या झाल्या; एकट्या असलेल्यांस एकोणीस तासांहून अधिक लागले. सोबत लाभलेल्या माता मुलाला अधिक कुरवाळीत, त्याच्याशी अधिक बोलत, असेही आढळले. स्त्रियांची संख्या लहान होती. म्हणून पुढे अधिक मोठे प्रयोग झाले.

त्यांपैकी टेक्सासमधील ह्यूस्टनचा प्रयोग १९९१ साली प्रसिद्ध झाला. डूला जवळ असलेल्या स्त्रियांपैकी शेकडा ८ जणींचे पोट चिरून मूल काढावे लागले. सोबत नसलेल्यांत हेच प्रमाण शेकडा १८ होते. तिसऱ्या गटात एक बाई खोलीत केवळ बसून टिपणे घेत असे, एक शब्दही बोलत नसे. त्या गटात प्रमाण १३ भरले. आम्ही अनेक वर्षे परीक्षेच्या वर्गावर देखरेख केली आहे. ओळखीचे मास्तर नुसते दाराशी उभे असले तरी घाबरट मुलाची लेखणी चालू लागते, हे आम्हांस ठाऊक आहे. म्हणून या मधल्या आकड्याचे आम्हांस फारसे आश्चर्य वाटले नाही. पुढे २०१७ साली सतरा देशांतील पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांवरील अशा प्रयोगांचा एकत्र विचार झाला, तेव्हाही सोबतीच्या बाजूनेच कौल पडला. भयाने शरीर आखडते आणि कळांना बळ देणारा ऑक्सिटोसिन हा स्राव मंदावतो, अशी याची उपपत्ती सांगतात.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात आठव्या अध्यायी सूतिकागाराचे वर्णन आहे. तेथे प्रसूत होणाऱ्या स्त्रीभोवती कोणी असावे? अनेकदा प्रसूत झालेल्या, स्नेहाळ, प्रसंगावधानी, विषाद टाकलेल्या व क्लेश सोसणाऱ्या स्त्रिया. कळ नसता जोर करू नको, असे त्यांनी तिला समजावावे, असेही आचार्य सांगतात. तथापि यावरून 'आमच्याकडे सारे होतेच' अशी प्रौढी मिरविणे योग्य नव्हे. कोंदट खोली, विटाळाच्या नावाखाली बाळंतिणीस दूर ठेवणे, पहिले चिकाचे दूध टाकून देणे, हेही आमच्याच घरांत होते. त्यातले टाकावे ते टाकून सोबत तेवढी राखावयास हवी.

या कामी सरकारही अनुकूल झाले आहे. भारत सरकारने २०१६ साली सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतिसमयी एक सोबतीण ठेवण्यास संमती दिली. ती शक्यतो स्वतः प्रसूतीतून गेलेली असावी, तिला संसर्गजन्य रोग नसावा, वस्त्रे स्वच्छ असावीत आणि तिने उपचारांत ढवळाढवळ करू नये, अशा तिच्या काही अटी. चरकाचार्यांची अपेक्षा याहून फार निराळी नव्हती!

गृहिणींस आमची सूचना अशी. सातव्या महिन्यातच इस्पितळाचा नियम विचारून ठेवावा. आत कोणी जावे हे वडीलधाऱ्यांनी न ठरविता सुनेला एकांतात विचारावे. तिला सासू हवी असेल, आई हवी असेल, थोरली जाऊ किंवा पतीही हवा असेल. मानापमानाचा प्रश्न येथे आणू नये. आपल्या बाळंतपणाच्या भयकथा सांगणारी बाई कितीही जवळची असली तरी बाहेरच बरी. घरात कोणी मोकळे नसेल तर मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वेतन घेऊन हे काम करणाऱ्या डूला आहेत. त्यांचे शिक्षण व अनुभव पाहून घ्यावा.

मूल झाले म्हणजे सोबत संपली, असेही नाही. पहिल्या तासात बाळ अंगाशी घेण्यास साह्य करावे. अळिवाची खीर व डिंकाचे लाडू करणारे हात पुष्कळ असतात. रात्री मूल घेऊन तिला दोन तास सलग निजू देणारे थोडे. प्रसूतीनंतर चार दिवस डोळे भरून येणे स्वाभाविक आहे. परंतु उदासी दोन आठवड्यांपुढे टिकली, तर ते 'नखरे' नव्हेत, तो आजार असू शकतो, आणि त्यास डॉक्टर हवा. फार रक्तस्राव, ताप किंवा झटके दिसल्यास तर क्षणाचाही विलंब न करता इस्पितळ गाठावे. जवळ बसलेल्या माणसालाच ही चिन्हे प्रथम दिसतात. घर भरलेले असूनही बाळंतीण एकटी पडू शकते, हे एकत्र कुटुंबांनी विशेष ध्यानात ठेवावे.