बालकांची उन्हाळी निवासी शिबिरे : सहजीवनाचे चिरस्थायी मूल्य

प्रस्तावना

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की शहरोशहरी उन्हाळी शिबिरांचे फलक झळकू लागतात. चित्रकला, जलतरण, इंग्रजी संभाषण अशा विषयांची यादी आणि अखेरीस मिळणारे प्रमाणपत्र पाहून पालक शिबिराची निवड करतात. मुलाने किती कौशल्ये आत्मसात केली, यावर शिबिराचे यश ठरते. तथापि, शिबिरांचा इतिहास व सामाजिक मानसशास्त्रातील संशोधन यांचा विचार करता, शिबिराचे टिकाऊ मूल्य विषयांच्या यादीत नसून सहजीवनात आहे, असे दिसून येते. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचे विवेचन केले आहे.

शिबिरांचा उगम

अमेरिकेत यादवी युद्ध सुरू असताना, १८६१ मध्ये, कनेक्टिकट राज्यातील शिक्षक फ्रेडरिक गन यांनी शाळेतील मुलांना समुद्रकिनारी पायी नेऊन तंबूत राहावयास लावले. पुढे १८८१ मध्ये अर्नेस्ट बाल्च यांनी न्यू हॅम्पशायरमधील एका सरोवराच्या बेटावर ‘चोकोरुआ’ हे शिबिर सुरू केले. श्रीमंत घरांतील मुले उन्हाळा हॉटेलांत ऐषआरामात घालवितात, ही बाब त्यांना खटकत होती. म्हणून तेथे नोकर ठेवले नाहीत. स्वयंपाक, भांडी, धुणे ही सारी कामे मुलेच करीत. श्रम व परस्परावलंबन हा शिबिराचा मूळ गाभा होता.

शेरीफ यांचे प्रयोग

सामाजिक मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये ओक्लाहोमातील रॉबर्स केव्ह येथील उन्हाळी शिबिरात सुमारे अकरा वर्षांच्या, परस्परांस अपरिचित २२ मुलांचे दोन गट केले. गटांमध्ये स्पर्धा लावताच शिवीगाळ, ध्वज जाळणे, निवासांवर धाडी असे प्रकार घडले. केवळ एकत्र जेवण वा चित्रपट यांनी वैर शमले नाही. जेवणाच्या वेळी मुलांनी एकमेकांवर अन्न फेकले. मात्र पाणीपुरवठा खंडित झाला, मालमोटार सुरू होईना, अशा प्रसंगी एका गटाला एकट्याने न पेलणारी कामे समोर आली आणि वैर ओसरू लागले. परतताना मुलांनी एकाच बसमधून प्रवास करणे पसंत केले. एका गटाने आपल्याला बक्षीस मिळालेल्या पाच डॉलरमधून सर्वांसाठी पेये घेतली.

याहून बोलका प्रसंग १९५३ मधील आहे. त्या वर्षीच्या प्रयोगात मुले प्रथम एकत्र राहिली व नंतर विभागली गेली. आपल्याला मुद्दाम चिथावले जात असल्याचा संशय येऊन ती परस्परांविरुद्ध उभी राहिनात. प्रयोग अर्धवट सोडावा लागला. संशोधकांच्या दृष्टीने हे अपयश होते; शिक्षणाच्या दृष्टीने मात्र आधी जुळलेली मैत्री किती चिवट असते, याची ती साक्ष होय.

या प्रयोगांना मर्यादाही आहेत. सहभागी सर्व मुलगे होते आणि आपण प्रयोगाचा विषय आहोत, याची त्यांना कल्पना दिलेली नव्हती. आजच्या संशोधननीतीच्या निकषांवर असे प्रयोग मान्य होणार नाहीत. तसेच हेच प्रयोग असेही सांगतात की, अविचाराने आखलेल्या स्पर्धा शिबिरात द्वेषाची बीजे पेरू शकतात.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रास ही दृष्टी अपरिचित नाही. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाने शिबिरांची परंपरा जोपासली. बाबा आमटे यांनी १९६७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे युवकांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिराचा अनुभव असलेल्या प्राध्यापकांनाही हे ठाऊक असते की, विद्यार्थ्यांना पुढे व्याख्यानांपेक्षा सोबत खणलेला चर आणि पाळीपाळीने केलेला स्वयंपाक अधिक आठवतो.

समारोप

पूर्वी आजोळी जमणाऱ्या मावस-मामे भावंडांच्या मेळ्यात भांडणे, समेट आणि वाटून खाणे यांचे शिक्षण नकळत होत असे. कुटुंबे लहान झाल्याने ही संधी आक्रसली आहे. ती पोकळी दोन तासांचा वर्ग भरून काढू शकत नाही. त्यासाठी काही दिवसांचा एकत्र मुक्काम, भिन्न शाळा व वस्त्यांतील मुलांचे मिश्र गट, मर्यादित स्पर्धा आणि खरोखर गरजेची सामायिक कामे आवश्यक आहेत. महाविद्यालयांकडे मैदाने, वसतिगृहे व प्रशिक्षित स्वयंसेवक आहेत. सुट्टीत रिकाम्या राहणाऱ्या या साधनांचा उपयोग परिसरातील बालकांसाठी झाल्यास, प्रमाणपत्र हरवल्यानंतरही उरणारे काही त्यांच्या हाती लागेल.