ऊन टिपणारी, ऊन सोसणारी प्रथिने

मुख्य प्रथिन : एलएचसी-२. वनस्पतींतील सुमारे निम्मे हरितद्रव्य याच्याशी बांधलेले असते.

रचना : तीन घटकांचे त्रिकूट. प्रत्येक घटकात हरितद्रव्याचे १४ रेणू (८ ‘अ’, ६ ‘ब’) आणि ४ कॅरोटिनॉइड. पालकाच्या पानांतील या प्रथिनाची बारकाईची रचना चिनी शास्त्रज्ञांनी २००४मध्ये उलगडली.

काम : टिपलेली प्रकाशऊर्जा एका रेणूकडून दुसऱ्याकडे सोपवत प्रकाशसंश्लेषणाच्या अभिक्रिया केंद्रापर्यंत पोहोचवणे.

ऊन जास्त झाले तर : न वापरलेल्या ऊर्जेमुळे पेशीला घातक, अतिक्रियाशील ऑक्सिजन तयार होऊ शकतो. अशा वेळी हरितलवकातील थायलाकॉइडच्या आत आम्लता वाढते. पीएसबीएस हे प्रथिन ती ओळखते. सोबतच व्हायोलाझँथिन या कॅरोटिनॉइडचे झियाझँथिन या दुसऱ्या कॅरोटिनॉइडमध्ये रूपांतर होते. मग जादा ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर टाकली जाते.

शेतीशी संबंध : ढग आला, पानावर सावली पडली, तरी ही यंत्रणा काही मिनिटे चालूच राहते आणि तेवढे प्रकाशसंश्लेषण बुडते. ती लवकर थांबावी म्हणून अमेरिकी शास्त्रज्ञांनी तंबाखूत तीन जनुकांची पातळी वाढवली. शेतातल्या चाचणीत रोपांचे कोरडे वजन सुमारे १५ टक्क्यांनी वाढले (२०१६). अन्नपिकांसाठी ही मोठी आशा आहे.