‘हेमिश’ म्हणजे घरचे. पण कोणाच्या घरचे?

अमेरिकेतल्या सिनेगॉगमध्ये ‘हेमिश’ हा शब्द ऐकू येतो. यिद्दिशमध्ये ‘हेम’ म्हणजे घर. त्यावरून हे विशेषण इंग्रजीत आले. जिथे थाटमाट नाही, पाहुण्याला संकोच नाही, ती जागा हेमिश. मराठीत ‘घरगुती’ म्हणावे, तर गॅसही घरगुती असतो! ‘घरच्यासारखे’ अधिक नेमके. माणसाला ‘होमली’ मात्र म्हणू नये. भारतात ती स्थळांच्या जाहिरातीतली स्तुती, अमेरिकेत त्याचा अर्थ ‘दिसायला बेताची’.

हसिदी लोकांत ‘हेमिश’ म्हणजे आपल्यातला, यिद्दिश घरातला. बेने इस्राएलांच्या घरी यिद्दिश नव्हतीच, मराठी होती. त्यांचे हेमिश म्हणजे एलियाहू हन्नाबीच्या नावाने केलेला मलिदा: भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, फळे, आणि ताटाभोवती दाटीवाटीने बसलेली मंडळी.